पुस्तक कोण धरणार?

एकशेएकोणिसावं स्तोत्र पाठ करायला घेण्याआधी माणसानं आपले शेजारी कोण आहेत हे एकदा नीट पाहून घ्यावं. मी पाहिलं नाही. त्यामुळे प्रकरण सोसायटीची गच्ची, एक परवानगी-अर्ज, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एका मानसोपचारतज्ज्ञाचा फोन नंबर इथपर्यंत गेलं. क्रमानं सांगते.

बायबलमधलं हे सगळ्यात लांब स्तोत्र. एकशे शहात्तर ओळी, आठ-आठांचे बावीस गट, आणि सांगायचं एवढंच, की देवाचं वचन फार चांगलं आहे. पण तेवढं सांगायला त्या जुन्या कवीनं आज्ञा, विधी, नियम, निर्बंध, निर्णय असे अर्धा डझन शब्द आळीपाळीनं वापरलेत. समजायला सोपं आहे. पाठ करणाऱ्याची अवस्था मात्र सुलतान बाजारात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखी होते. प्रत्येक गल्ली मघाचीच वाटते, आणि प्रत्येक गल्लीत तेच ब्लाउजपीसचं दुकान.

हे स्तोत्र मुळात पपांनी घेतलं होतं. पपा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे भक्तीचीही त्यांनी नियमावली केली होती. पाठांतराच्या वहीच्या पहिल्या पानावर ती त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. रोज एक वचन, आणि वचन झाल्याशिवाय चहा नाही. स्वतःला स्वतः तपासायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी पुस्तक धरायचं. चूक झाली तर त्या आठाच्या डोक्यापासून पुन्हा. सगळं बिनचूक झालं की पपा विचारायचे, "लाइन क्लिअर?" पुस्तक धरणाऱ्यानं "क्लिअर" म्हणायचं. मग निळ्या पेन्सिलीची खूण, शेजारी पुस्तक धरणाऱ्याची सही, आणि मगच आधण.

एकशे तीस ओळींसमोर निळी खूण आणि माझी सही आहे. सुरुवातीची सही पूर्ण आहे, प्रियदर्शिनी वगैरे. पुढे पुढे ती आखडत जाऊन शेवटी गांडुळासारखी एक रेघ उरली आहे.

एकशे एकतीससमोर काही नाही. त्या सकाळी नऊला वीस मिनिटं कमी होती. मी डोक्यावर हेल्मेट घालून घरभर स्कूटरची किल्ली शोधत होते. पपा पुस्तक घेऊन समोर आले आणि म्हणाले, "धर जरा." मी म्हणाले, "संध्याकाळी, पपा." संध्याकाळी पुस्तक होतं, पपा नव्हते.

नियमाप्रमाणे पाहिलं तर पपांनी त्या दिवशी चहाही घेतला नसणार. ही गोष्ट मी वर्षभर कुणापाशी काढली नाही.

त्यांच्या पहिल्या स्मरण-उपासनेला पंचेचाळीस दिवस उरले, तेव्हा मी वही काढून मोजलं. एकशे बत्तीसपासून शेवटपर्यंत पंचेचाळीसच ओळी होत्या. रोज एक. इतका नेमका आकडा पाहिला की माणसाला वाटतं, हे आपल्याचसाठी ठेवलेलं आहे. याच भावनेतून लोक बारीक होण्याची यंत्रंही विकत घेतात.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. पुस्तक कुठे आहे हे लक्षात ठेवणं माझं काम. पुस्तकात काय आहे हे मी आयुष्यात कधी पाठ केलेलं नाही, नुसतं वाचलेलं आहे. पहिल्या दिवशी एक ओळ पाठ व्हायला पावणेदोन तास लागले. ती झाल्यावर लक्षात आलं की पुस्तक धरायला कुणी नाही, म्हणजे खूण नाही, म्हणजे चहा नाही. अकरा वाजता ग्रंथालयात एका मुलानं काँक्रीटवरचं पुस्तक मागितलं, मी त्याला केशभूषेवरचं दिलं. तो मुकाट्यानं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी कुकटपल्लीच्या चुलत बहिणीला, एस्तेरला, व्हिडिओ कॉल लावला. एस्तेर इंग्रजी माध्यमात शिकली, घरी दखनी बोलते, आणि मराठी वाचते ती डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी. मी ओळ म्हटली.

"परफेक्ट, ताई!"

मला शंका आली. मी पुन्हा म्हटली, मध्ये मुद्दाम एक किलो साखर आणि खोबरेल तेल घातलं.

"एकदम परफेक्ट!"

"एस्तेर, तू वाचतेयस ना?"

"ताई, मैं तो तुझा चेहरा बघ रही. कॉन्फिडन्स कितना है तुझ्यात!"

मी फोन ठेवला. दारात सावित्रीबाई उभ्या होत्या.

सावित्रीबाई आणि केशवराव समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे उदगीरकडचे, केशवराव वीज खात्यात नोकरी करून इथंच मुरले. विद्यानगरच्या आमच्या इमारतीत कुणाचा कुकर किती शिट्ट्यांनी उतरतो हे सावित्रीबाईंना माहीत असतं.

"साखर आणि तेल कुठल्या देवाला मागायलीस गं?"

मला सगळं सांगावं लागलं. म्हणजे एकशे एकतीस आणि चहा सोडून सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि पपांची वही उघडून नियम एका बोटानं, एकही शब्द न गाळता, मोठ्यानं वाचले. मग म्हणाल्या, "मी धरते. पण तुझा बाप धरायचा तसं नरम नाही धरणार."

"काकू, ते धरायचे नाहीत, मी धरायची."

"तेच. म्हणून तर असं बिघडलंय."

दुसऱ्या सकाळी सहाला त्या आल्या, हातात स्वतःचा भरलेला कप. नाइलाजानं मी तिकडं बघत राहिले.

"घे गं घोटभर. कोण बघायलंय?"

"नाही काकू. नियम आहे."

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, पण कप तोंडाला लावला. नंतरही त्यांनी असं चार-पाचदा केलं. मला वाटलं, मोह घालतायत.

पहिलाच वाद डोक्यावरून झाला. एकशे बत्तीस ही त्या आठातली चौथी ओळ. चुकले तर नियमानं एकशे एकोणतीसपासून म्हणायला हवं.

"वरच्या तीन का सोडायलीस?"

"वरच्या दोन पपांच्या झाल्यात. तिसरी..." मी वहीचं पान सारखं केलं. "तिसरी त्यांचीच आहे. मी बत्तीसपासून धरते."

सावित्रीबाईंनी वहीतल्या कोऱ्या जागेकडं पाहिलं. काही विचारलं नाही. त्यांनी काही न विचारल्याचा आमच्या इमारतीत तोवरचा हा एकमेव नोंदलेला प्रसंग असावा. "बरं," त्या म्हणाल्या, "सवलत देते. घरात चालंल."

पुढचे दहा दिवस बरे गेले. सावित्रीबाईंनी मला भिजवलेले बदाम दिले, डोक्याला ब्राह्मीचं तेल लावलं, आणि प्रत्येक ओळीवर मत दिलं. "हा माणूस तेच तेच किती बोलायलाय! काल आज्ञा, आज विधी. एकदाच सांग की बाबा."

"अगं सरकारी भाषा अशीच असती," आतून केशवराव म्हणाले. "आमच्या सर्क्युलरमध्येबी असंच. नियम येगळा, निर्देश येगळा, पाळायचं दोन्ही." केशवरावांचं शिक्षण पहिली काही वर्षं उर्दूत झालं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, गटांवरची आलेफ, बेथ, पे अशी नावं पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हौ! अलिफ, बे, पे! ये तो आमच्या मौलवीसाहेबांची पाटी आहे. बेटा, ऐक माझं. बसून पाठ नक्को करू. बसून केलेलं बुडाखाली राहतं. चालत चालत कर."

मी बसून वाचणाऱ्या जातीची. पण दोन हजार पुस्तकं वाचून न आलेली अक्कल मला या सल्ल्यात दिसली, आणि मी चालू लागले.

घर तीन खोल्यांचं, त्यामुळे तिथं चालणं म्हणजे वळणंच जास्त. मी व्हरांड्यात आले. तिथून जिन्यात, जिन्यातून पार्किंगमध्ये. लिफ्टमध्ये आवाज चांगला घुमतो असं लक्षात आल्यावर मी दोन-तीनदा वर-खाली केलं. एकदा दार उघडलं तेव्हा मी डोळे मिटून, एक हात वर करून, जुलमी लोकांपासून सुटका मागत होते. बाहेर दुधाच्या पिशव्या घेतलेलं एक कुटुंब उभं होतं. ते आत आले नाहीत. हात हलवून म्हणाले, "आप जाइये."

त्या संध्याकाळी मला इमारतीतून तीन डबे आले: एक पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, एक दहीभात, एक काहीतरी गोड. मी भाबडेपणानं खाल्लं. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी माझ्या पपांना श्रद्धांजली वाहिली, वर्षभर उशिरा. त्याखाली कुणीतरी एका मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर टाकला आणि लिहिलं, 'व्हेरी सॉफ्ट स्पोकन'. नाव कुणाचंच नव्हतं. सतरा जणांनी हात जोडले होते. मीही न वाचताच जोडले होते.

सकाळी सेक्रेटरी भाग्यलक्ष्मी आल्या. त्या अतिशय सज्जन आहेत आणि नियमांवर त्यांचं पोटच्या मुलांसारखं प्रेम आहे. "प्रियागारू, एमैंदी? क्या हुआ? आप ठीक हैं ना?"

मी सांगितलं, मी ठीक आहे, पाठांतर करते आहे.

त्यांना हायसं वाटलं. लगेच त्यांनी फाइल उघडली. "पाठांतर है तो ठीक. लेकिन कॉमन एरिया में कार्यक्रम के लिए अर्जी लगती."

सोसायटीकडं अशा अर्जाचा एकच नमुना होता, लग्नाच्या मांडवाचा. मी तो भरला. पाहुण्यांची संख्या: शून्य. ध्वनिवर्धक: नाही. आचाऱ्याचं नाव: लागू नाही. कार्यक्रमाचं स्वरूप: एक ओळ. वधूपक्ष की वरपक्ष यावर मी बराच वेळ थांबले आणि शेवटी दोन्हीवर काट मारली. परवानगी मिळाली ती गच्चीची, सकाळी सहा ते साडेसहा, आणि अट अशी की 'एक जबाबदार रहिवासी' हजर पाहिजे.

जबाबदार रहिवासी दोन आले, खुर्च्या घेऊन. सावित्रीबाई पुस्तक धरून बसल्या, केशवराव कानटोपी घालून. मी पाण्याच्या टाक्यांमधून चालायची, चुकायची, सावित्रीबाई बोट वर करायच्या, मी गटाच्या डोक्याशी परत जायची. अटी पाळल्या जातात का हे बघायला भाग्यलक्ष्मी पहिल्या दिवशी आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. त्यांना मराठी फारसं कळत नाही. पण मी कुठं चुकले हे त्यांना सावित्रीबाईंच्या आधी कळायचं. "मळ्ळी, मळ्ळी," त्या म्हणायच्या, पुन्हा, पुन्हा. "कल ये लाइन छोटी थी."

चाळिसाव्या दिवसापर्यंत सकाळी फिरायला येणारे चौघे माझ्या चुकांवर आपापसात बोलू लागले होते. माझ्या प्रतिष्ठेविषयी मी इथं काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

आता चर्च. आमची मराठी मंडळी मूठभर. तेलुगू उपासना संपून इंग्रजी सुरू होईपर्यंत मधला वेळ आम्हाला मिळतो. त्यामुळे आमचे चिटणीस युवराज साळवे यांचं मनगटावरचं घड्याळ हीच आमची खरी वेदी. त्यांनी माझा अर्ज वाचून ठेवला होता. हो, तिथंही अर्ज होता.

"पंचेचाळीस ओळी? ताई, लोकांना घरी जायचंय. तीन मिनिटं देतो. एक आठ म्हणा."

"मग शेवटचा म्हणते." शेवटचा गट मला आवडायला लागला होता. एवढं सगळं पाठ करून झाल्यावर शेवटच्या ओळीत तो कवी कबूल करतो की आपण चुकलेल्या मेंढरासारखे भटकलोय. मला हा प्रामाणिकपणा भावला.

"पत्रिका छापून झाली," युवराज म्हणाले. "तुम्ही अर्जात लिहिलंत ना, 'आरंभ: एकशे बत्तीस'? मी तोच गट टाकला. एकशे एकोणतीस ते छत्तीस. पंचाहत्तर प्रती."

मी घरी येऊन सावित्रीबाईंना सांगितलं, "मी बत्तीसपासूनच म्हणेन. पाच ओळी. कुणाला कळणार नाही."

सावित्रीबाई काही बोलल्या नाहीत. हे दुसऱ्यांदा झालं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

उपासनेला इमारतीतून सहाजण आले. सावित्रीबाई पहिल्या बाकावर, ठेवणीतली इरकल नेसून, पुस्तक उघडून. शेजारी केशवराव. मागे भाग्यलक्ष्मी, फाइलसकट. मी उभी राहिले. बत्तीस झाली. तेहतीस झाली. चौतीसच्या टोकाशी आले आणि समोर दोन गल्ल्या दिसल्या, एकीत विधी, एकीत नियम. मी नियमात शिरले.

"मळ्ळी," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाल्या.

मी बत्तीसकडं वळणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून बोट वर झालं. "आठाच्या डोक्यापासून, प्रिया."

"काकू..." मी पुटपुटले.

"घरात सवलत दिली होती. इथं नाही. डोक्यापासून."

युवराज उठून मला घड्याळ दाखवू लागले. केशवरावांनी त्यांची बाही धरून खाली बसवलं. "बैठो मियाँ. लाइन क्लिअर नाही झाली अजून."

एकशे एकोणतीस मी कधी पाठ केली नव्हती. तोंड उघडलं आणि ती आली. एकशे तीस आली. पुस्तक धरून धरून मुरली असणार. मग एकशे एकतीस. ती धाप लागलेल्या माणसाची ओळ आहे, वचनासाठी तोंड उघडून आसुसणाऱ्याची. तिला मी पुस्तक धरलं नव्हतं. तरी ती आली, सगळी, आणि आली ती पपांच्या आवाजात: आधी बाथरूममधून, मग स्वयंपाकघरातून, मग देवळीपाशी चष्मा पुसताना. त्या सकाळी त्यांनी ती दहा-बारा वेळा तरी म्हटली होती, आणि हेल्मेट घालून किल्ली शोधत मी प्रत्येक वेळी ऐकली होती. एकदाही चुकली नव्हती.

मी छत्तीसपर्यंत गेले. विधींच्या जागी विधी आले. युवराजांच्या म्हणण्यानुसार सहा मिनिटं लागली. शेवटी काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलं, "लाइन क्लिअर?"

"क्लिअर," सावित्रीबाई म्हणाल्या. त्यांच्याबरोबर इमारतीतले बाकीचे पाचही म्हणाले. पाद्रीबाबांनी, जरा गोंधळून, "आमेन" म्हटलं.

नंतर आवारात चहा होता. कप हातात आला आणि मी जे वर्षभर कुणाला बोलले नव्हते ते सावित्रीबाईंना बोलले. की त्या दिवशी मी पुस्तक धरलं नाही, आणि नियमानं पपा बिनचहाचे गेले.

सावित्रीबाईंनी आपला कप खाली ठेवला. मग त्यांनी केशवरावांकडं पाहिलं. केशवराव आपल्या कपात बघू लागले.

"सांगून टाक," ते म्हणाले. "कितने दिन छुपाणार?"

"शब्द दिला होता मी त्याला," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुझा बाप, प्रिया, रोज सकाळी सहाला आमच्याकडं चहा प्यायचा. अद्रकचा. दोन चमचे साखर. मग तोंड पुसून तुझ्यापाशी यायचा, वचन म्हणायला."

"रोज?"

"निवृत्त झाल्यापासून."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी दोनदा घेतला. दुसऱ्यांदा नऊ वाजता आला, म्हणाला, पोरीला उशीर झालाय, संध्याकाळी धरणार हाय, तोवर कोण थांबतंय." त्यांनी पदरानं माझ्या बशीतला सांडलेला चहा पुसला. "आणि तू इथं पंचेचाळीस दिवस बिनचहाची चालायलीस टाक्यांतून. मला रोज जीव तुटायचा. पण शब्द म्हणजे शब्द."

मी हसले. हसताना ठसका लागला, आणि ठसक्याच्या नावाखाली बाकीचंही उरकून घेतलं.

घरी येऊन निळी पेन्सिल काढली. एकशे एकतीससमोर खूण केली आणि सही केली, बऱ्याच दिवसांनी पूर्ण नावाची. वहीत शेऱ्याचा एक रकाना आहे, पपांनी कधी न वापरलेला. त्यात लिहिलं: 'ऐकलं होतं. बिनचूक. चहाबाबत स्पष्टीकरण मागवावे.'

दुसऱ्या दिवशी नऊला वीस मिनिटं कमी होती. मी हेल्मेट घातलं होतं, किल्लीही चक्क सापडली होती. दार उघडलं तर सावित्रीबाई उभ्या, हात धुतलेले, डोक्यावर पदर, हातात पुस्तक.

"ते शेवटचे आठ मला यायलेत बघ, ऐकून ऐकून. सकाळपासून तोंडातून जाईना झालेत." त्यांनी पुस्तक पुढं केलं. "धर जरा."

"काकू, चहा झाला?"

"कसा होईल? वचन कुठं झालंय अजून?"

मी हेल्मेट काढून चपलांच्या रॅकवर ठेवलं आणि पुस्तक घेतलं. सावित्रीबाईंनी डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला त्या नियम सोडून विधीत शिरल्या.

मी बोट वर केलं.

"आठाच्या डोक्यापासून, काकू."